डावी बाहुली

“छताकडे बघ. पापणी मिटायची नाही,” मी म्हटलं, आणि थेंब पडायच्या आधीच तस्लीमने डोळा गच्च मिटला. थेंब गालावरून ओघळून तिच्या ओढणीवर गेला.

“मिटलास का?”

“मी आता पेशंट हाय. पेशंट असलाच असतोय.”

आम्ही दोघी मिरजेला एका कॉलेजात डोळे तपासायचा, चष्म्याचे नंबर काढायचा अभ्यासक्रम शिकत होतो. दुसरं वर्ष चालू होतं. खऱ्या पेशंटला हात लावायच्या आधी एकमेकींवर हात साफ करून घ्यायचा, अशी तिथली पद्धत. त्या दिवशी बाहुली मोठी करणाऱ्या थेंबांचं प्रॅक्टिकल होतं. बाहुली म्हणजे बुबुळाच्या मधलं ते काळं, वाटोळं दार. उजेडात ते आपोआप लहान होतं. थेंब घातले की मात्र काही तास सताड उघडं राहतं आणि डोळ्याच्या आतलं तपासता येतं. थेंब एकाच डोळ्यात घालायचे, म्हणजे हॉस्टेलवर जाताना दुसऱ्या डोळ्याने निदान रस्ता तरी नीट दिसतो.

ज्या डोळ्यात थेंब घालायचे त्याच्या वरच्या भुवईवर आधी कागदी चिकटपट्टीचा तुकडा लावायचा, हा आमच्या मॅडमचा नियम. समोर बसलेल्या माणसाचा उजवा डोळा आपल्या डाव्या हाताला येतो, एवढं साधं गणित काहींना जमत नाही, म्हणून. त्या काहींमध्ये मी पहिली. मी त्रिशला चौगुले, पण वर्गात मला ‘उलटी चौगुले’ म्हणत. एकदा तर मी एका सबंध टोळक्याचे नंबर डाव्याचे उजवीकडे आणि उजव्याचे डावीकडे लिहून मोकळी झाले होते. त्यामुळे त्या दिवशी मी दोनदा विचार करून तस्लीमच्या भुवईवर पट्टी चिकटवली आणि मगच थेंब घातले.

प्रॅक्टिकल संपल्यावर तिने ती पट्टी एका झटक्यात ओढून काढली. पट्टीबरोबर भुवईचे चांगले पाच-सात केस आले. भुवईच्या शेपटाला खिंड पडली. “माझ्या लग्नात तूच काळी पेन्सिल घेऊन उभी राहायचं,” असं तिने मला हॉस्टेलपर्यंत ऐकवलं.

तस्लीम मुजावर जतची. वडिलांचं सायकल दुरुस्तीचं दुकान. ती आणि मी जोडीला कशा लागलो, ते सांगायला हवं. पहिल्या वर्षी आम्हाला बोकडाचा डोळा कापून आतली रचना बघायची होती. खाटकाकडून डोळे आणायचे, ट्रेमध्ये ठेवायचे आणि कात्री लावायची. माझ्या घरात अंड्याचं नाव काढलं तरी आई पाणी शिंपडायची. मी ट्रेसमोर उभी राहिले आणि ओकायलाच लागले. शेजारची एक मुलगी काही न बोलता माझा ट्रे आपल्याकडे ओढून घेऊन कापायला लागली. ती तस्लीम. बदल्यात तिच्या जर्नलमधल्या आकृत्या मी काढायच्या, असं ठरलं. आतलं भिंग काढून तिने ते वर्तमानपत्राच्या कपट्यावर ठेवलं आणि मला बळेच बघायला लावलं. काचेच्या थेंबासारख्या त्या भिंगाखाली बातमीतली अक्षरं टपोरी झाली होती. बोकड गेला होता आणि त्याचं भिंग अजून काम करत होतं. मला ते इतकं थोर वाटलं की मी ओकायची थांबले.

थेंबांच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तस्लीम कपाळ धरून उठली. डोळ्याच्या मागे ठणकतंय म्हणाली. तसं ते आठवडाभर अधूनमधून दुखत होतं, पण परीक्षा जवळ आली होती आणि त्या दिवसांत डोकं कुणाचं दुखत नव्हतं? तिची एक बाहुली अजून मोठीच होती आणि त्या बाजूची पापणी जरा जड वाटत होती. नाश्त्याला सगळ्यांनी ते पाहिलं आणि माझीच थट्टा झाली. चौगुलेबाईंनी थेंब घातले की आठवडाभर पुरतात, वगैरे. मीही हसले. थेंब जास्त पडले असतील, म्हटलं. डोळ्यांच्या दवाखान्यात मोठी बाहुली म्हणजे स्वयंपाकघरात पिठाचे हात. तिच्याकडे दुसऱ्यांदा कोण बघणार?

मी तिला झोपून राहा म्हणून सांगितलं, तर ती माझ्यावरच उखडली. कारण त्या दिवशी आम्हाला मेंदू बघायला मिळणार होता. शरीररचनेच्या मोठ्या हॉलमध्ये आमच्यासारख्यांना वर्षातून मोजक्या वेळा प्रवेश मिळायचा आणि मेंदू तर त्या एकाच दिवशी.

“वर्षभर डोळा बघितलाव,” तस्लीम म्हणाली, “आज डोळ्याच्या मागं काय असतंय ते बघायचं. मी काय झोपतीय?”

शरीररचना शिकवायला देशिंगकर सर होते. निवृत्त झालेले, पण पोरांना शिकवल्याशिवाय करमत नाही म्हणून येणारे. हॉलबाहेर चपला काढायला लावत. का, असं एकीने विचारलं तेव्हा म्हणाले होते, “कुणाच्या तरी घरी चाललोय आपण. घरमालक उठून या म्हणू शकत नाहीत, म्हणून आपण जास्त नीट वागायचं.” त्यामुळे मृतदेह टिकवणाऱ्या फॉर्मॅलिनच्या त्या झोंबऱ्या वासात आम्ही सगळ्या अनवाणी उभ्या असायचो.

सरांनी आधी एक कोरडी कवटी हातात घेतली. डोळ्यांच्या खोबणीच्या मागे जी भोकं आणि फटी असतात त्यांतून त्यांनी भरतकामाचे रंगीत दोरे ओवले होते. प्रत्येक मज्जातंतूचा एक रंग. पिवळा जाड दोरा दृष्टीचा. गुलाबी दोरा तिसऱ्या मज्जातंतूचा. हा डोळा फिरवतो, पापणी उचलून धरतो आणि बाहुली लहान करतो. सरांनी गुलाबी दोऱ्याचं मागचं टोक ओढलं आणि तो खोबणीतून सरसर आत गेला.

मग त्यांनी ट्रेवरचं ओलं फडकं बाजूला केलं. मेंदू उलटा ठेवला होता, तळ वर करून. मुली पुढे सरकल्या. मी मागे सरकले. नेहमीसारखीच टेबलाच्या पलीकडच्या बाजूला, जिथून ट्रे फारसा दिसत नाही अशा जागी जाऊन उभी राहिले. मान वर ठेवली की सर समजत, मी लक्ष देतेय. मान वर ठेवून मी समोरच्या मुलींची तोंडं बघत होते. तस्लीम सगळ्यांत पुढे, ट्रेवर ओणवी झाली होती.

“हा बघा आपला गुलाबी दोरा,” सर चिमट्याच्या टोकाने दाखवत म्हणाले. “आणि ही त्याला अगदी लागून जाणारी रक्तवाहिनी. शेजार इतका जवळचा की मधून कागद जाणार नाही. आता गंमत ऐका. बाहुली लहान करणारे तंतू ह्या दोऱ्याच्या आत नसतात. वरवर असतात, सालीसारखे. म्हणून शेजारची रक्तवाहिनी फुगून दाबायला लागली, तर पहिला मार सालीला बसतो. डोकं दुखतं, पापणी जड होते आणि त्या डोळ्याची बाहुली मोठी होते. माणूस चालत असतो, बोलत असतो. आणि बाहुली सांगत असते, आत काहीतरी फुटायच्या बेतात आहे.”

तस्लीमने ऐकता ऐकता मान वर केली आणि हाताने कपाळ दाबलं. मी तिच्याकडेच बघत होते. एक बाहुली टपोरी, काळी. तिच्यावर पापणी अर्धी उतरलेली. कालचे थेंब, माझ्या मनाने लगेच सांगितलं.

मग तिच्या भुवईतली खिंड दिसली.

खिंड दुसऱ्या भुवईत होती. ज्या भुवईचे केस पट्टीने उपटले होते, तिच्या खालची बाहुली शहाण्यासारखी लहान होती. कालचे थेंब केव्हाच उतरले होते. मोठी होती ती दुसरी, जिला मी हातही लावला नव्हता.

माझं डावं-उजवं कसं आहे ते मला माहीत होतं. तरी मी मनात हात फिरवून बघितला. तिचा उजवा, माझ्या डाव्या हाताला. तिचा डावा, माझ्या उजव्या हाताला. कसंही फिरवलं तरी खिंड एका बाजूला आणि मोठी बाहुली दुसऱ्या बाजूला. भुवई तर उलटी चौगुले नव्हती.

“सर,” मी म्हटलं. सर ट्रेकडेच बघत होते. परत म्हटलं, “सर, तस्लीमची बाहुली.”

तस्लीमनेच मला झटकलं. “काल हिनंच थेंब घातलेत, सर. ते हाय.”

“त्या डोळ्यात नाही घातले,” मी म्हटलं.

मागून कुणीतरी खुसखुसलं. चौगुले डाव्या-उजव्याबद्दल बोलत होती ना.

“गप गं,” तस्लीम दबक्या आवाजात म्हणाली. “मला हॉलबाहेर काढतील. तुझा गोंधळ नेहमीचाच हाय.”

तिचे डोळे भरून आले होते. वर्षभर वाट बघून ती त्या ट्रेपर्यंत पोचली होती आणि तिची मैत्रीणच तिला तिथून उठवायला निघाली होती. मी चुकत असले तर ती माझ्याशी बोलणार नाही, हे मला कळत होतं. चुकत नसले तर काय, ते सर आत्ताच सांगून झाले होते.

“तिची भुवई बघा, सर,” मी म्हटलं. “पट्टी उजव्या भुवईवर होती. काढताना केस निघाले. मोठी बाहुली डावी आहे.”

सरांनी चिमटा खाली ठेवला. हातमोजे काढले. टेबलाला वळसा घालून ते तस्लीमसमोर आले आणि तिची हनुवटी धरून भुवई बघितली. मग खिशातला टॉर्च काढला. उजव्या डोळ्यावर उजेड पडला तशी बाहुली चटकन मिटली. डाव्यावर उजेड पडला. ती तशीच उघडी राहिली.

“डोकं कुठे दुखतं?”

“ह्या डोळ्याच्या मागं, सर.”

“कधीपासून?”

“झाला की आठवडा.”

“नाकाकडे बघ. एकाची दोन दिसतात का?”

“मघापासून दोन त्रिशला दिसायल्यात,” तस्लीम म्हणाली. “एकच पुरे होती, सर.”

मुली हसल्या. सर हसले नाहीत. त्यांचा चेहरा मी आजही विसरलेले नाही. रागावला नव्हता, घाबरलाही नव्हता. देवळात एकदम मोठी घंटा वाजल्यावर माणूस जसा थांबतो, तसे ते थांबले होते.

“हिला एक पाऊलही चालू द्यायचं नाही,” ते हळू आवाजात म्हणाले. “खुर्ची आणा. स्ट्रेचर मागवा. बाळ, तू बस आणि बोलू नकोस.”

पलीकडच्याच इमारतीत मोठं इस्पितळ होतं. स्ट्रेचर आलं. सर अनवाणीच त्याच्याबरोबर चालत गेले, चपलांचं त्यांना भान राहिलं नाही. मुलीही पाठोपाठ गेल्या. मी दारापर्यंत गेले आणि मागे वळले. ट्रेवरचं फडकं तसंच बाजूला पडलं होतं. घरमालकाला उघडं टाकून जाणं बरं दिसेना. झाकावं म्हणून मी टेबलापाशी आले आणि मला पहिल्यांदा खाली बघावं लागलं.

सरांचा चिमटा तिथेच होता, टोक त्याच जागी. त्या टोकाशी तो दोरा होता. मी तो बघितला. वाफवलेल्या शेवईच्या एका काडीएवढा, फिकट, काही विशेष नाही असा. त्याच्या अंगाला लागून ती बारीक रक्तवाहिनी. हे कुणाचं होतं मला माहीत नव्हतं. पुरुषाचं की बाईचं, तेही नाही. पण ह्याच शेवईने त्या माणसाची पापणी रोज सकाळी उचलली होती. उन्हात आला की त्याच्या बाहुलीचं दार लोटून घेतलं होतं, त्याला न विचारता, जन्मभर. असाच एक दोरा माझ्यात होता, आत्ता ह्या क्षणी काम करत. आणि तसाच एक तस्लीममध्ये दबत होता, आणि दबता दबता त्याने निरोप पाठवला होता. बाहेर एवढी एकच खिडकी होती आणि त्याने तीत दिवा लावून ठेवला होता.

मला मळमळलं नाही. मला भीतीही वाटली नाही. वाटलं ते एवढंच, की आपण एका फार मोठ्या ठिकाणी अनवाणी उभ्या आहोत आणि ते बरं आहे. मी हात जोडले आणि फडकं नीट पांघरलं. मग चपला घातल्या आणि धावत इस्पितळात गेले. जाताना सरांच्याही चपला हातात घेतल्या.

तपासणीत फुगा दिसला. रक्तवाहिनीची भिंत एका जागी पातळ होऊन बाहेर आली होती, मटारच्या दाण्याएवढी. तस्लीमचे अब्बा जतहून आले तेव्हा सर्जन त्यांना कागदावर चित्र काढून समजावत होते. अब्बा बराच वेळ चित्राकडे बघत राहिले.

“टायर फाटलं की तिथनं ट्यूब फुगा काढती, तसं हाय व्हय साहेब?”

“अगदी तसंच.”

“फुटला न्हाई अजून?”

“नाही. फुटायच्या आधी आलात.”

अब्बा भिंतीला टेकून खालीच बसले. दुकानात त्यांनी फुटलेल्या ट्यूबा आयुष्यभर बघितल्या होत्या. ऑपरेशन चालू असताना ते देशिंगकर सरांच्या शेजारी बसून होते. मधे एकदा सरांनी त्यांना चहा आणून दिला आणि तो थंड झाल्यावर दुसरा आणला.

फुग्याच्या मानेला चिमट्यासारखी बारीक क्लिप बसली. तस्लीम वाचली. पण शुद्धीवर आली तेव्हा डावी पापणी पूर्ण मिटलेली होती आणि बोटाने उचलली तर आतला डोळा बाहेरच्या बाजूला वळून बसलेला. दबलेला दोरा परत येईल का, असं आम्ही विचारलं. सर्जन म्हणाले, येतो कधीकधी. काही महिने लागतात. कधीकधी येत नाही.

तिला जतला नेलं. फोन केला की अब्बा बोलत. ती झोपलीय म्हणत. मग एकदा तीच बोलली आणि मला स्वच्छ सांगून टाकलं. “मी काय आता परत येत नाही. लोकांचे डोळे तपासणारी, आणि स्वतःचाच झाकलेला. माझ्या पुस्तकांचं काय करायचं ते तू बघ.”

मी तिच्या पुस्तकांचं काही केलं नाही. परीक्षा झाल्यावर मी जतची एसटी पकडली. आईला सांगितलं, मैत्रिणीकडे चाललेय. आईने शिदोरी दिली आणि कुठली मैत्रीण ते विचारलं नाही.

तस्लीम दुकानाच्या मागच्या खोलीत बसली होती. ऑपरेशनसाठी भादरलेले केस पुन्हा बोटभर वाढले होते, त्यावर ओढणी. आरसा भिंतीकडे तोंड करून ठेवलेला. मला बघून तिने तोंड फिरवलं. मग राहवलं नाही म्हणून विचारलं, परीक्षेच्या प्रॅक्टिकलला बोकडाचा डोळा कुणी कापून दिला?

“मीच कापला,” मी म्हटलं.

तिने तोंड वळवलं. “खोटं.”

“भिंगसुद्धा अख्खं काढलं. वर्तमानपत्रावर ठेवून सगळ्यांना दाखवलं.”

“आणि ओकलीस किती?”

“थोडीच.”

ती हसली. हसताना डावी पापणी किंचित थरथरली. तिला ते कळलं नसावं, पण मला दिसलं. पापणी हलते म्हणजे दोऱ्याचं एक टोक जागं आहे, हे मला आता माहीत होतं. मी पिशवीतून टॉर्च काढला. तिने माझा हात धरला.

“नको गं. नसली हलत तर नको सांगूस.”

“बरं. हलली तरच सांगते.”

बाहेर अब्बा चाकाला हवा भरत होते. ते थांबले. पंपाचा आवाज बंद झाला. मी खिडकीचा पडदा ओढला आणि खोलीत अंधार केला. अंगठ्याने तिची पापणी वर उचलली. डोळा अजून जरा बाहेरच बघत होता, पण पूर्वीएवढा नाही. बाहुली मोठी होती. काळी, शांत, इस्पितळात होती तशीच. मी टॉर्च बाजूने आणला.

काही झालं नाही.

मी टॉर्च बाजूला घेतला. थांबले. परत आणला.

बाहुलीची कड हलली. एका बाजूने, अगदी थोडी, झोपेतल्या माणसाने हाक ऐकून कूस बदलावी तेवढीच. मी टॉर्च काढला, ती सैल झाली. टॉर्च आणला, ती परत मिटायला लागली. जेमतेम सुईच्या टोकाएवढी हालचाल होती. त्यानंतर माझ्यासमोर हजारो लोक हनुवटी टेकून बसले असतील, आणि त्यांच्या बाहुल्या मी रोज उघडताना-मिटताना बघते. पण एवढं मोठं काही हलताना मी पुन्हा बघितलेलं नाही. मला रडू फुटलं, आणि हात हलू नये म्हणून मी श्वास धरून रडत होते.

माझे अश्रू तिच्या हातावर पडले तेव्हा तिला जे समजायचं ते समजलं.

“हलली?”

“हलली.”

तिने हातावरचे माझे अश्रू ओढणीला पुसले. मग म्हणाली, “त्रिशला, डोळा कुठला बघायलीस, डावा का उजवा?”

“डावा,” मी म्हटलं. “तुझा डावा.”

“बघ हं. खात्री कर.”

मी तिच्या उजव्या भुवईवर बोट ठेवलं. केस परत आले होते, खिंड बुजली होती. मी मनात हात फिरवून बघितला, आणि मग परत एकदा.

“तुझा डावा,” मी म्हटलं. “माझ्या उजव्या हाताला.”

बाहेर अब्बांनी पंप मारायला सुरुवात केली.